‘ड्रिफ्ट अपार्ट’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

चौकशीखोर (अमळनेर)

मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. मुले बहुतेक बारावीनंतरची असून बँकेच्या आणि रेल्वेच्या परीक्षांची तयारी करणारी आहेत. मागच्या आठवड्यात मी फळ्यावर ‘वी ड्रिफ्टेड अपार्ट आफ्टर कॉलेज’ हे वाक्य लिहिले आणि त्याचे मराठी करून आणायला सांगितले. सतरा वह्या आल्या. अकरा वह्यांत ‘कॉलेजनंतर आमचे भांडण झाले’ किंवा ‘मैत्री तुटली’ असे होते, पाच वह्यांत ‘आम्ही वेगळे झालो’ असे होते आणि एका वहीत ‘कॉलेजनंतर आम्ही वाहून गेलो’ असे लिहिलेले होते. हे शेवटचे वाक्य वर्गात वाचून दाखवल्यावर सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना वाटले की मूळ शब्दाच्या सर्वांत जवळ तोच मुलगा गेला होता, आणि म्हणून त्याच्या वहीवर मी अजून लाल शाई चालवलेली नाही.

‘ड्रिफ्ट’ म्हणजे पाण्याच्या किंवा वाऱ्याच्या ओढीने, स्वतः वल्हे न मारता सरकत जाणे. हा शब्द ‘ड्राइव्ह’ या क्रियापदाचाच भाऊबंद आहे. गुरे हाकणे आणि लाकूड प्रवाहाबरोबर जाणे या दोन्हींच्या मुळाशी एकच धातू आहे; फरक एवढाच की ‘ड्राइव्ह’मध्ये हाकणारा डोळ्यांसमोर असतो आणि ‘ड्रिफ्ट’मध्ये तो दिसत नाही. ‘अपार्ट’ जुन्या फ्रेंचमधून आला आहे, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधील ‘एका बाजूला’ या अर्थाचे शब्द आहेत. दोन्ही एकत्र आले की अर्थ होतो: शेजारीशेजारी तरंगणाऱ्या दोन वस्तूंमधले पाणी हळूहळू वाढत गेले. कोणी कोणाला ढकलले नाही, कोणी दोर कापला नाही.

मुलांना मी हे समजावले आणि ते त्यांना समजलेही. परंतु ‘सर, मग मराठीत काय लिहायचे?’ या प्रश्नापुढे मी अडलो. भांडण, ताटातूट, फाटाफूट, बेबनाव, बिनसणे, फिसकटणे या सगळ्या शब्दांत काहीतरी घडलेले आहे. इथे तर काही घडलेच नाही, आणि तरीही दोन माणसे लांब गेली आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

तापीकाठ (भुसावळ)

भाऊ, ‘दुरावणे’ हा सरळ शब्द असताना इतका विचार कशासाठी? ‘कॉलेजनंतर आम्ही दुरावलो.’ विषय संपला.

आपण दिलेले तरंगत्या लाकडाचे चित्र मात्र आमच्याकडे प्रत्यक्ष बघायला मिळते. पावसाळ्यात हतनूर धरणाचे एक्केचाळीस दरवाजे उघडले की खाली तापीत झाडांचे ओंडके, फांद्या, कधी अख्खे बाभळीचे झाड येते. दोन ओंडके पुलापाशी अगदी खेटून येतात. एक काठाकडच्या संथ पाण्यात शिरतो, दुसरा मधल्या धारेत राहतो. पहिली काही मिनिटे त्यांच्यात हातभर अंतर असते, आणि मग पुढच्या वळणावर बघावे तर एक दिसतो व दुसरा दिसत नाही.

धातुपाठ (जळगाव)

तापीकाठ यांचा शब्द बरोबर आहे, पण रूप अपुरे आहे. ‘आम्ही दुरावलो’ या वाक्यात क्रिया पूर्ण झालेली दिसते; ती एका दिवसात झाली की दहा वर्षांत, याचा पत्ता लागत नाही. ‘आम्ही दुरावत गेलो’ असे म्हणताच वर्षे दिसू लागतात. इंग्रजी भाषा जो संथपणा मुख्य क्रियापदात ठेवते, तो मराठी सहायक क्रियापदात ठेवते. ‘-त जाणे’ ही आपली फार कामाची रचना आहे. ‘पाणी आटत गेले’, ‘दृष्टी अधू होत गेली’, ‘येणे-जाणे कमी होत गेले’ या सर्व वाक्यांत क्रिया थोडी थोडी, लक्षात न येईल अशी पुढे सरकते. तेव्हा ‘ड्रिफ्ट अपार्ट’साठी एक शब्द शोधणे हीच मुळात चुकीची दिशा आहे, असे माझे मत आहे.

काळ बदलला की मराठीची सोय आणखी लक्षात येते. ‘वी आर ड्रिफ्टिंग अपार्ट’ याला ‘आम्ही दुरावत चाललो आहोत’ हे तंतोतंत बसते, कारण ‘चालणे’ या सहायकात अजून शेवट आलेला नाही, वाट सुरू आहे, हा भाव आपोआप येतो. ‘वी हॅव ड्रिफ्टेड अपार्ट’ म्हणजे ‘आता आमच्यात पूर्वीसारखे राहिलेले नाही’. इथे शब्दाला शब्द लावला तर वाक्य मरते.

दुसरी गोष्ट अशी की इंग्रजीतील ‘वी’ मराठीत आणताना आधी विचारावे लागते की हे वाक्य कोणाला सांगितले जात आहे. तिसऱ्या माणसाला सांगत असाल तर ‘आम्ही दुरावत गेलो’. त्याच जुन्या मित्राला पत्र लिहीत असाल तर ‘आपण दुरावत गेलो’. चुकून ‘आम्ही’ लिहिले, तर तो मित्र त्या वाक्यातून बाहेर फेकला जातो. इंग्रजीला हा भेद करता येत नाही.

चौकशीखोर (अमळनेर)

धातुपाठ सर, ‘-त जाणे’ हे उत्तर मला पटले. परंतु ‘दुरावणे’ या धातूविषयी माझी शंका शिल्लक आहे. ‘दुरावा’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात रुसवा येतो. ‘दोघांत दुरावा आला’ असे कोणी सांगितले की आपण लगेच आवाज खाली आणून ‘का हो, काय झाले?’ असे विचारतो. इंग्रजी वाक्यावर मात्र ऐकणारा फक्त ‘होते असे’ म्हणून मान हलवतो. इंग्रजीत याला कर्मणी प्रयोगही नाही. अमक्याने आम्हाला ‘ड्रिफ्ट अपार्ट’ केले, असे म्हणताच येत नाही. वाक्यातच दोष ठेवायला जागा नाही, आणि मला तीच रिकामी जागा मराठीत हवी आहे.

आखाजी (माहेर पारोळा, सध्या नाशिक)

ही रिकामी जागा मराठी माणसाला सहन होत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमच्या गल्लीत माझी एक मैत्रीण होती. लग्नानंतर आम्ही दोघी आखाजीला हमखास माहेरी येत असू. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासुरवाशिणींचा तो हक्काचा सण असतो, गौराई बसते आणि लिंबाला झोके बांधले जातात. पहिली पाच-सहा वर्षे आम्ही आठवडाभर राहिलो. झोक्याच्या दोराने हाताला घट्टे पडत, आणि रात्री तिच्या आईने खापरावर केलेले मांडे आम्ही दोघी एका ताटात खात असू. नंतर तिच्या मुलांचे उन्हाळी क्लास सुरू झाले आणि ती दोन दिवसांवर आली. मग माझ्या यजमानांची बदली झाली आणि एक वर्ष माझे येणे चुकले. पुढच्या वर्षी मी आले तर ती आदल्याच दिवशी परत गेली होती. फोन दर महिन्याला होत असे, तो वाढदिवसापुरता राहिला, आणि नंतर वाढदिवसालाही फक्त फुलांचे चित्र येऊ लागले. चार वर्षांपूर्वी पारोळ्याच्या बसस्थानकावर आमची अचानक गाठ पडली. दोघींनी एकमेकींचे हात धरले, दोघींनीही ‘घरी ये ना एकदा’ म्हटले, आणि दोघींपैकी एकीनेही वार सांगितला नाही.

माझी आई मला अजून विचारते, ‘तुम्हनं दोन्हीसनं काय व्हयनं?’ मी सांगते, ‘काहीच नही व्हयनं.’ तिचा त्यावर विश्वास बसत नाही. तिच्या हिशेबाने एक तर देण्याघेण्यावरून काही झाले असणार, नाहीतर कोणीतरी मध्ये बोलले असणार.

चौकशीखोर भाऊ, आपल्या अकरा विद्यार्थ्यांनी ‘भांडण झाले’ असे का लिहिले, याचे उत्तर माझ्या आईच्या या प्रश्नात आहे असे मला वाटते. त्यांना इंग्रजी कमी येते असे नाही. कारणाशिवाय माणसे लांब जातात हे त्यांना घरी कोणी सांगितलेले नाही.

सनद (धुळे)

आखाजीताईंनी आईविषयी लिहिले, तेच मी न्यायालयाविषयी लिहू शकतो. धुळ्यात मी कौटुंबिक दावे चालवतो. समोर बसलेले जोडपे कित्येकदा शांतपणे सांगते की ‘साहेब, मारहाण नाही, व्यसन नाही, बाहेरचे काही नाही, आमचे एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरले नाही एवढेच.’ हे इंग्रजीत एका वाक्यात बसेल, पण याचिकेत बसत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमाला कारण लागते: क्रूरता, व्यभिचार, किमान सलग दोन वर्षांचा परित्याग वगैरे. या प्रत्येक शब्दात कोणीतरी कोणाचे तरी काही केलेले आहे. ‘हळूहळू दुरावत गेलो’ हे कारण त्या यादीत नाही.

१९७६ च्या दुरुस्तीने कलम १३ ब आले आणि परस्पर संमतीची वाट उघडली. तिथे दोघांनी किमान एक वर्ष वेगळे राहत असल्याचे आणि एकत्र नांदणे शक्य नसल्याचे सांगितले की दोष कोणाचा हे सिद्ध करावे लागत नाही. पुढे मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली, सावरण्यापलीकडे मोडलेला विवाह आपण थेट संपवू शकतो, असे स्पष्ट केले. परंतु तो अधिकार सर्वोच्च न्यायालयापुरता आहे, आणि तिथेही शब्द ‘मोडलेला’ हाच आहे. कायदा शेवटी मोडलेली वस्तू बघतो. ती कशी झिजत गेली याच्यासाठी त्याच्याकडे रकाना नाही.

एक शब्दभेद इथेच नोंदवतो, कारण अशिलांच्या इंग्रजी कागदांत त्याची गल्लत नेहमी होते. ‘स्प्लिट अप’ आणि ‘ब्रेक अप’ या घटना आहेत, त्यांना तारीख असते. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. याला कोणी ‘ड्रिफ्ट अपार्ट’ म्हणणार नाही, कारण ते सही करून झालेले काम आहे.

खडकवेडा (साक्री)

कारण मागण्याची ही सवय फक्त आयांना आणि न्यायाधीशांना नाही, ती शास्त्रज्ञांनाही होती. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडले की आजचे खंड एकेकाळी जोडलेले होते आणि नंतर ते एकमेकांपासून सरकत गेले. जर्मन भाषेत त्यांनी वापरलेला शब्द ‘स्थान बदलणे’ या अर्थाचा होता. इंग्रजीत त्याचे ‘काँटिनेंटल ड्रिफ्ट’ झाले आणि तेच रूढ झाले. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे काठ जुळतात, दोन्हीकडे सारखेच जीवाश्म सापडतात, हे पुरावे समोर होते. तरीही बहुतेक भूशास्त्रज्ञांनी मान्यता दिली नाही, आणि त्याचे एक मोठे कारण असे की एवढे खंड ढकलणारे बळ कोणते, याचे पटणारे उत्तर वेगेनर यांच्याकडे नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा मृत्यू झाला. समुद्रतळाच्या अभ्यासातून भूपट्ट सांरचनिकी (इंग्रजीत ‘प्लेट टेक्टॉनिक्स’, म्हणजे पृथ्वीचे कवच सरकणाऱ्या मोठ्या तुकड्यांचे आहे हा सिद्धांत) उभी राहिली आणि साठच्या दशकात ती कल्पना वेगळ्या रूपाने स्वीकारली गेली.

या सरकण्याचा वेग वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपली नखे वाढतात तेवढा आहे. नख वाढताना कोणाला दिसते का? आठ दिवसांनी ते वाढलेले दिसते. ‘ड्रिफ्ट’ शिकवताना मी हेच उदाहरण देईन.

आपल्याच पायाखाली बघायचे तर खानदेशातली काळी माती ज्या बेसाल्टपासून झाली, तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. धुळे-नंदुरबार पट्ट्यात भिंतीसारख्या उभ्या खडकांच्या लांबलचक रांगा दिसतात. जमिनीचे कवच ताणले गेले, भेगा पडल्या आणि त्यांत शिलारस भरून थिजला, त्या या रांगा आहेत. (हे थोडे विषयांतर झाले, पण भिंती बघायला जरूर या.)

मराठी विश्वकोशात या सिद्धांतासाठी ‘खंडविप्लव’ हा शब्द आहे. मला तो नेहमी चुकीचा वाटत आला, कारण विप्लव म्हणजे बंड किंवा उलथापालथ. धातुपाठ सरांनी उलगडा करावा.

धातुपाठ (जळगाव)

तो शब्द चुकीचा नाही, उलट फार विचाराने घडवलेला आहे. संस्कृतमध्ये ‘प्लु’ म्हणजे तरंगणे. ‘प्लव’ म्हणजे तराफा. त्याला ‘वि’ हा उपसर्ग लागला की अर्थ होतो वेगवेगळ्या दिशांना तरंगत जाणे, पांगणे. म्हणजे ‘विप्लव’ हा शब्दशः ‘ड्रिफ्ट अपार्ट’च आहे. पुढे त्याचा अर्थ गोंधळ, मग उपद्रव, मग बंड असा तापत गेला आणि मूळचे पाणी त्यातून उडून गेले. आज ‘आमच्या मैत्रीत विप्लव झाला’ असे लिहिले तर वाचणारा पोलिसांना बोलावील.

तापीकाठ यांच्या ओंडक्यांवरून आणखी एक आठवले. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात राम भरताचे सांत्वन करताना म्हणतो की महासागरात लाकडाला लाकूड भेटते आणि काही काळाने ती दोन्ही वेगळी होतात. तिथले क्रियापद ‘व्यपेयाताम्’, म्हणजे दोघे दूर जातील. द्विवचन आहे, कर्ता म्हणून ती दोन लाकडेच आहेत, आणि कारण म्हणून फक्त ‘काही काळ’ आहे. हीच उपमा गीतरामायणातून मराठी घराघरांत पोहोचली, पण तिथे ओंडक्यांना तोडायला एक लाट आली आहे. गीत म्हणून ते उत्तमच आहे. मला फक्त एवढे दाखवायचे आहे की मराठीत येताच कर्ता आला. आखाजीताईंच्या मातोश्रींना ती लाट कोण, हेच हवे आहे.

काळीमाती (शहादा)

मी शेतकरी आहे, भाषेतला नाही, तरी ‘ड्रिफ्ट’ हा शब्द आमच्या बांधावर रोज असतो म्हणून लिहितो. शेजारच्या उसात कोणी टू-फोर-डी हे तणनाशक फवारले आणि वारा आमच्या बाजूचा असला की त्याचे बारीक तुषार सरकत येतात आणि कापसाची पाने चिंचोळी होऊन भेंडीच्या पानासारखी फाकतात. कापूस या औषधाला फार हळवा आहे. शेजाऱ्याने मुद्दाम केलेले नसते; औषध विकणारेही त्याला ‘ड्रिफ्ट आला’ असेच म्हणतात. त्यामुळे मला हा शब्द समजायला शहरी माणसाइतका वेळ लागला नाही. आमच्याकडे भांडण मात्र तरीही होते, ते वेगळे.

आता मराठी शब्दाचे बोलायचे तर खेड्यात ‘वेगळे निघणे’ आणि ‘येणे-जाणे तुटणे’ यांत चांगला फरक करतात. भाऊ वेगळे निघाले म्हणजे वाटणी झाली. तिला दिवस आहे, पंच आहेत, कागद आहे. आमच्या आजोबांच्या वेळी अशी वाटणी झाली, पण कानबाईचे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचे, गव्हाचे रोट एकत्रच राहिले. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद एका घरी येत, आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू निघत. वाटणीने आम्ही दुरावलो नाही. दुरावलो ते नंतर: एक चुलतभाऊ सुरतला गेला, एक पुण्याला, आणि रविवारी यायचे तर सोमवारी कामावर पोहोचता येत नाही. नावाचे गहू आई आजही काढते. ते रोट खायला माणसे येत नाहीत. याला आम्ही ‘सोयरसंबंध पातळ होत गेला’ म्हणतो. ‘पातळ होणे’ हा शब्द चालेल का? त्यात रुसवा नाही.

तापीकाठ (भुसावळ)

‘दुरावलो, विषय संपला’ हे माझे वाक्य मी मागे घेतो. ‘पातळ होत जाणे’ मला फार आवडले. ‘विरळ होत जाणे’ असेही म्हणता येईल, विशेषतः भेटींविषयी.

माझा एक प्रश्न आहे. ‘ड्रिफ्ट अवे’, ‘ग्रो अपार्ट’ आणि ‘फॉल आउट’ यांत आणि आपल्या क्रियापदात नेमका भेद काय? परीक्षेत पर्याय म्हणून हेच येतात.

चौकशीखोर (अमळनेर)

काळीमाती भाऊ, आपण भाषेतले नाही असे पुन्हा लिहू नका. ‘पातळ होत गेला’ हे मी वहीत उतरवून घेतले आहे.

तापीकाठ यांच्या प्रश्नाविषयी. ‘फॉल आउट’ सोपे आहे: ते भांडण आहे, आणि माझ्या अकरा विद्यार्थ्यांचे उत्तर त्या क्रियापदासाठी अचूक आहे. ‘ड्रिफ्ट अवे’ एकतर्फी असते. एक जण काठाशी उभा आहे आणि दुसरा लांब जातो आहे, म्हणून तिथे एकवचनी कर्ता सहज चालतो आणि पुढे ‘फ्रॉम’ येते. ‘ड्रिफ्ट अपार्ट’ला मुळात दोघे लागतात. ‘आय ड्रिफ्टेड अपार्ट’ एवढेच लिहिले तर वाक्य लंगडे राहते. ‘फ्रॉम माय फ्रेंड्स’ जोडले तर चालते, परंतु ‘वी’ घेतले तर ते अधिक स्वाभाविक होते. ‘ग्रो अपार्ट’ सर्वांत जवळचे आणि म्हणून सर्वांत फसवे आहे. ‘ड्रिफ्ट’मध्ये माणसे तीच राहतात, मधले अंतर वाढते, गाव बदलते, नोकरी बदलते, फोन कमी होतात. ‘ग्रो’मध्ये माणसेच बदललेली असतात. एका घरात, एका ताटावर बसूनही ‘ग्रो अपार्ट’ होता येते. सनद साहेबांचे ‘बोलण्यासारखे काही उरले नाही’ म्हणणारे जोडपे मी या खान्यात टाकेन. आखाजीताई आणि त्यांची मैत्रीण ‘ड्रिफ्ट’च्या खान्यात.

काल वर्गात आपल्या सगळ्यांच्या सूचना सांगितल्या आणि वाक्य पुन्हा करून घेतले. बहुतेकांनी ‘कॉलेजनंतर आमचे येणे-जाणे कमी होत गेले’ असे लिहिले, दोघांनी ‘संबंध पातळ होत गेला’. ज्याने ‘वाहून गेलो’ लिहिले होते, त्याने या वेळी लिहिले: ‘कॉलेजनंतर आमच्यातले अंतर वाढत गेले, कळलेच नाही.’ ‘कळलेच नाही’ हे मूळ इंग्रजीत कुठे आहे, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘सर, ते ड्रिफ्टमध्ये आहे.’ त्याला पूर्ण गुण दिले.

मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले की तेच मित्र पुन्हा जवळ आले तर ‘ड्रिफ्ट टुगेदर’ म्हणायचे का. मी सांगितले की प्रवाहाने दोन वस्तू एकत्र आणल्या तर तसे म्हणता येते, आणि क्वचित माणसेही ‘ड्रिफ्ट बॅक टुगेदर’ होतात. परंतु रोजच्या इंग्रजीत त्यासाठी ‘गेट बॅक इन टच’ म्हणतात, आणि तिथे कोणीतरी आधी फोन करावा लागतो. मराठी करून आणायला सोमवारपर्यंत मुदत दिली आहे.

आखाजी (माहेर पारोळा, सध्या नाशिक)

सोमवारी वह्यांत काय आले ते इथे नक्की लिहा, भाऊ. तिचा नंबर माझ्याकडे अजून तोच आहे का, ते मी आज बघते.